तीन नावांचं मैदान : प्रस्तावना

अंधेरी स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याला ‘शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल’ असं सांगितलं तर तो मान वळवून पुन्हा विचारतो. ‘स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स’ म्हटलं की लगेच मीटर टाकतो. त्याच रिक्षात निळे टी-शर्ट घातलेली पोरं बसलेली असली, तर त्यांच्या मोबाइलमधल्या तिकिटावर तिसरंच नाव असतं – ‘मुंबई फुटबॉल अरिना’. जागा एकच, वीरा देसाई रोडवरची. पाटीवर एक नाव, लोकांच्या तोंडी दुसरं, तिकिटावर तिसरं. हे पुस्तक लिहायला घेतलं तेव्हा मला वाटलं होतं की आधी ही नावांची गुंतागुंत सोडवावी आणि मग इतिहासाकडे वळावं. काम पुढे गेलं तसं कळलं, की ही तीन नावं हाच या मैदानाचा इतिहास आहे. महापालिकेनं ते बांधलं, शहरानं ते भाड्यानं वापरलं आणि फार उशिरा फुटबॉलनं ते आपलंसं केलं.

या पुस्तकाचं बी पडलं ते परदेशात. माझा भाचा नोकरीनिमित्त दक्षिण जर्मनीत राहतो. एका भेटीत त्यानं तिथल्या एका छोट्या गावच्या फुटबॉल क्लबची पुस्तिका माझ्या हातात ठेवली. क्लबला शंभर वर्षं झाली म्हणून गावकऱ्यांनी ती छापली होती. भाषा मला कळत नव्हती, पण फोटो कळत होते. मैदान सपाट करणारी माणसं, लाकडी गॅलरी, नंतरची सिमेंटची गॅलरी, महायुद्धानंतर पुन्हा उभारलेलं कुंपण, गवत कापणारे म्हातारे. भाचा म्हणाला, ‘मामा, इथे बहुतेक गावांत असं असतं. मैदान कुणी दिलं, छप्पर कधी घातलं, दिवे कधी लावले, सगळं लिहून ठेवतात.’ परतीच्या विमानात मी आठवून पाहिलं. माझ्या घरापासून चालत पंधरा मिनिटांवर असलेल्या मैदानाबद्दल मला काय सांगता येईल? पाच-सहा वाक्यांच्या पुढे गाडी जाईना.

जर्मनीचं उदाहरण आणखी थोडं ताणतो, कारण पुढे ते लागणार आहे. हायडेनहाइम हे पन्नास हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. तिथलं स्टेडियम गावावरच्या टेकडीवर आहे, समुद्रसपाटीपासून साधारण ५५५ मीटरवर. त्याचं मूळ नाव आल्बश्टाडिओन. पुढे गावातल्याच एका यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचं नाव त्याला मिळालं. त्या स्टेडियममध्ये १५ हजार माणसं मावतात, म्हणजे गावातला प्रत्येक तिसरा-चौथा माणूस तिथे एकाच वेळी बसू शकतो. २००७ मध्ये क्लबची सूत्रं हाती घेणारा फ्रांक श्मिट हा प्रशिक्षक त्याच गावात जन्मलेला. खालच्या श्रेणीतून एकेक पायरी चढत २०२३ मध्ये त्यानं क्लबला जर्मनीच्या पहिल्या श्रेणीत नेलं. अंधेरी पश्चिमेचा भाग ज्या के-पश्चिम विभागात येतो, तिथली लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सात लाखांच्या वर होती. आपल्या मैदानात माणसं मावतात जेमतेम सात-आठ हजार. मात्र मला सलते ती आसनांची संख्या नाही. हायडेनहाइमच्या माणसाला टेकडीवरची प्रत्येक पायरी कधी बांधली ते ठाऊक असतं आणि आपल्याला आपल्या मैदानाचं नावसुद्धा नीट ठाऊक नसतं, ही गोष्ट सलते.

मुंबईच्या फुटबॉलचा जुना इतिहास उपनगरांत घडला नाही. तो घडला दक्षिणेला, कूपरेजवर. रोव्हर्स चषक १८९१ मध्ये सुरू झाला. सुरुवातीची कित्येक वर्षं त्यावर गोऱ्या पलटणींचीच नावं कोरली गेली. १९३७ मध्ये बंगळूरच्या मुस्लिम संघानं तो जिंकला आणि चषक पहिल्यांदा एका भारतीय संघाकडे आला. पुढच्या काळात टाटा, मफतलाल, कॅलटेक्स, ओर्के मिल्स, एअर इंडिया, आरसीएफ, रेल्वे, बँका यांचे संघ कूपरेजवर खेळले. खेळाडूला नोकरी मिळायची, नोकरीमुळे खेळ टिकायचा. गिरण्या आणि कंपन्यांनी हात आखडते घेतले तसे संघ विझत गेले. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्रा युनायटेड २०१० मध्ये बंद झाला, हा त्या युगाचा शेवटचा मोठा घाव. पहिल्या प्रकरणात हा भाग मी मुद्दाम थोडक्यात उरकला आहे. कूपरेजवर स्वतंत्र ग्रंथ व्हायला हवा आणि तो माझ्याहून जाणत्या माणसानं लिहायला हवा.

उपनगरातली पोरं मात्र त्या काळातही खेळतच होती. मालाडचं ऑर्लेम, कलिना, वाकोला, वांद्रे इथल्या चर्चच्या आवारांत, ईस्ट इंडियन आणि गोवेकर कुटुंबांच्या वाड्यांत, शाळांच्या मैदानांवर. पावसाळ्यात क्रिकेटच्या खेळपट्ट्या झाकल्या जायच्या तेव्हा चिखलात फुटबॉल सुरू व्हायचं. मोठी मॅच पाहायची म्हटलं की लोकल पकडून चर्चगेटला जाणं आलं. १९५० मध्ये मुंबईची हद्द जोगेश्वरी-भांडुपपर्यंत वाढली, १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत. माणसं शहरात आली, मैदानं आली नाहीत. ब्रेबर्न १९३७ चं, वानखेडे १९७४ चं, दोन्ही चर्चगेटच्या अंगणात. उपनगरातल्या माणसानं सकाळी कामाला दक्षिणेला जायचं आणि रविवारी खेळ पाहायलाही दक्षिणेलाच जायचं, हे आपण इतकं मुकाट स्वीकारलं होतं की त्याची तक्रारही कुणी करत नसे.

या पार्श्वभूमीवर १९८८ कडे पाहावं. त्या वर्षी महापालिकेनं अंधेरीत क्रीडा संकुल उभारलं आणि त्याला शिवरायांच्या वडिलांचं नाव दिलं. अंधेरी पश्चिमेचा चेहराच तेव्हा बदलत होता. लोखंडवाला संकुल खाजणावर भराव घालून वर येत होतं. आझाद नगर आणि डी. एन. नगरच्या वसाहतींत मध्यमवर्गीय मराठी कुटुंबं स्थिरावली होती. वर्सोव्याचा कोळीवाडा आणि आंबोलीचं जुनं गाव या नव्या वस्तीच्या मधोमध सापडलं होतं. अशा ठिकाणी, सोन्याच्या भावाच्या जमिनीवर, पालिकेनं तरणतलाव, खेळाच्या सोयी आणि गॅलऱ्यांचं मैदान बांधलं. कारभार बृहन्मुंबई क्रीडा व ललितकला प्रतिष्ठानाकडे आला. मुलुंडचं प्रियदर्शिनी क्रीडा संकुल आणि कालिदास नाट्यगृह हेही याच प्रतिष्ठानाच्या देखरेखीखाली. खेळ आणि नाटक एकाच छत्राखाली ठेवण्याची ही कल्पना मला आजही फार मोलाची वाटते. उपनगरातल्या माणसालाही संध्याकाळ असते आणि ती त्याच्या घराजवळ साजरी व्हावी, हे पालिकेनं त्यातून मान्य केलं होतं.

मैदान बांधून झालं तरी त्याला खेळ मिळाला नाही. पहिल्या पंचवीसेक वर्षांत अंधेरीकरांच्या आठवणीत स्पोर्ट्स कॉम्प्लेक्स म्हणजे पोहायचा तलाव आणि मोठमोठे ‘शो’. चित्रपटांचे पुरस्कार सोहळे, तारेतारकांच्या रात्री, पोलिसांसाठीचे मनोरंजनाचे कार्यक्रम. त्यातला सगळ्यांत मोठा १ नोव्हेंबर १९९६ चा, मायकल जॅक्सनचा. शिव उद्योग सेनेच्या पुढाकारानं तो झाला. करमणूक करातली सूट, तिच्या विरोधात मुंबई ग्राहक पंचायतीनं ठोठावलेलं न्यायालयाचं दार, हा वाद पुढे पाव शतक रेंगाळला आणि २०२१ मध्येही मंत्रिमंडळासमोर होता. त्या रात्री मी आत नव्हतो. तिकीट परवडणारं नव्हतं. आमच्या इमारतीच्या गच्चीवर शेजारपाजारचे तीस-चाळीस जण जमले होते. दिसत काहीच नव्हतं, पण ढोलासारखा खोल ठोका पाण्याच्या टाकीच्या पत्र्यावरून परत येत होता आणि आकाश मधूनच पांढरं होत होतं. गल्लीतला एक मुलगा त्या ठोक्यावर गच्चीच्या कठड्याला धरून नाचत होता. त्या मुलाला आज मुलं आहेत आणि ती याच मैदानावर फुटबॉल पाहायला जातात. १९९६ चा भाग पुस्तकातून गाळावा, खेळाच्या इतिहासात त्याचं काय काम, असं एका मित्रानं सुचवलं. मी ऐकलं नाही. मैदानाच्या आयुष्यात जे जे घडलं ते त्याचंच. मात्र एक गोष्ट नोंदवायला हवी. फुटबॉलच्या मैदानाला १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद, सपाट, पाणी झिरपवणारी हिरवळ लागते. तिच्यावर मंचाचे लोखंडी खांब, ट्रकची चाकं आणि हजारो खुर्च्या आल्या की मातीचे थर दबतात, निचरा बसतो, पुढच्या पावसात तळं साचतं. बाहेरून मैदान तसंच दिसतं. गवताखाली मात्र ते मेलेलं असतं.

ते पुन्हा जिवंत झालं २०१६ मध्ये. इंडियन सुपर लीगमधला मुंबई सिटी एफसी २०१४ मध्ये सुरू झाला होता, पण त्याच्या घरच्या मॅचेस पहिली दोन वर्षं नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर होत. बोरिवलीच्या पोराला घरचा संघ पाहायला खाडी ओलांडावी लागे. २०१६ मध्ये अंधेरीचं मैदान दुरुस्त झालं, हिरवळ नव्यानं घातली गेली आणि संघ इथे आला. तिसरं नाव तेव्हाचं. लीग सुरू होण्याआधीच, ३ सप्टेंबर २०१६ रोजी, भारताचा संघ इथे पोर्तो रिकोशी खेळला. मुंबईत पुरुषांच्या राष्ट्रीय संघाची मॅच १९५५ नंतर, म्हणजे ६१ वर्षांनी होत होती. आजोबांनी पाहिलेलं नातवानं पाहावं इतकं हे अंतर. पेनल्टीवर पोर्तो रिकोनं आधी गोल केला. मग नारायण दास, सुनील छेत्री, जेजे आणि जॅकीचंद यांनी एकेक करत ४-१ अशी मॅच फिरवली. गुरप्रीतसिंग संधूच्या दंडावर कर्णधाराची पट्टी होती.

त्याच वर्षी १९ नोव्हेंबरला दिएगो फोर्लाननं केरळ ब्लास्टर्सविरुद्ध तीन गोल ठोकले आणि मुंबईनं ५-० अशी मॅच जिंकली. २०१० च्या विश्वचषकात सर्वोत्तम खेळाडू ठरलेला माणूस आझाद नगरच्या मेट्रो स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर खेळत होता. मेट्रोचा उल्लेख सहज केलेला नाही. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही अकरा-साडेअकरा किलोमीटरची पहिली मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली. ती नसती तर हे मैदान पश्चिम उपनगरांपुरतंच राहिलं असतं. घाटकोपरचा माणूस पूर्वी अंधेरीला यायचा तो दादरला गाडी बदलून किंवा कुर्ला-साकीनाक्याच्या गर्दीत बसमध्ये उभा राहून. आता तो अर्ध्या तासाच्या आत गॅलरीत असतो. मैदानांचे इतिहास लिहिणाऱ्यांनी रस्ते आणि रेल्वेचा इतिहास सोबत ठेवावा, हा या कामातून मी शिकलेला धडा.

आता त्या दोन मॅचेसबद्दल, ज्यांना या पुस्तकात सर्वांत जास्त पानं दिली आहेत.

१ जून २०१८. चार देशांच्या इंटरकॉन्टिनेंटल चषकातली पहिली मॅच, भारताविरुद्ध चायनीज तैपेई. भारत ५-० नं जिंकला, छेत्रीनं तीन गोल केले. प्रेक्षकांचा अधिकृत आकडा होता २,५६९. एवढ्या लहान मैदानातसुद्धा रिकाम्या खुर्च्यांच्या ओळी दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी छेत्रीनं एक छोटा व्हिडिओ टाकला. आम्ही युरोपातल्या संघांच्या तोडीचे नाही हे त्यानं मान्य केलं. आमच्यावर टीका करा, हवं तर शिव्या द्या, पण मैदानात येऊन द्या, असं हात जोडून विनवलं. राष्ट्रीय संघाच्या कर्णधारानं लोकांना ‘या’ म्हणून विनंती करावी लागते, हे पाहताना माझ्या घशात आवंढा आला होता. त्याची विनंती ऐकू आली तेव्हा मी स्वतः घरीच बसलेलो होतो, मैदानापासून पंधरा मिनिटांवर, आणि तरीही पहिल्या मॅचला गेलो नव्हतो.

४ जूनला भारताची केनियाशी मॅच होती. छेत्रीचा हा शंभरावा आंतरराष्ट्रीय सामना. तिकिटं संपली. संध्याकाळी पाऊस असा कोसळला की समोरची गॅलरी दिसेना. गॅलरीच्या मोठ्या भागावर छप्पर नाही, पण कुणी उठलं नाही. डोक्यावर प्लॅस्टिकच्या पिशव्या बांधून, भिजलेले झेंडे पिळून पुन्हा फडकवत लोक उभे राहिले. पहिल्या अर्ध्या वेळात बॉल पाण्यात अडकत होता. नंतर छेत्रीची पेनल्टी, पाठोपाठ जेजेचा गोल आणि अगदी शेवटी पुन्हा छेत्री. ३-०. माझ्या शेजारी डोंबिवलीहून आलेले एक शिक्षक आपल्या मुलीसोबत होते. मॅच संपल्यावर ते एवढंच म्हणाले, ‘बोलावलं म्हणून आलो.’ या पुस्तकासाठी जमवलेल्या आठवणींत ४ जूनच्या सगळ्यांत जास्त आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांत हीच भावना वेगवेगळ्या शब्दांत आली आहे. सहा दिवसांनी अंतिम सामन्यात भारतानं केनियाला २-० नं हरवलं. दोन्ही गोल छेत्रीचे. त्या दोन गोलांनी तो ६४ आंतरराष्ट्रीय गोलांवर पोहोचला आणि त्या घडीला मेस्सीच्या बरोबरीला आला. हा विक्रम ज्या गवतावर झाला ते गवत मुंबई महापालिकेच्या मालकीचं आहे, ही गोष्ट अंधेरीतल्या किती शाळांत मुलांना सांगितली गेली असेल?

माझ्या मते शहाजीराजे भोसले क्रीडा संकुल खऱ्या अर्थानं मैदान झालं ते ४ जून २०१८ ला. तोवर ती भाड्यानं मिळणारी जागा होती. काहींना हे मत टोकाचं वाटेल. १९८८ पासून तिथे पोहायला जाणाऱ्यांना ते मान्य होणार नाही, आणि त्यांची बाजूही पुस्तकात आहे. माझं म्हणणं इतकंच, की बांधकाम पालिका करू शकते. मैदानाला लागणारी आठवण लोकांनीच भिजून, घसा बसेस्तोवर ओरडून तयार करावी लागते.

२१ जानेवारी २०२२ ला इथे महिलांच्या आशियाई चषकात ऑस्ट्रेलियानं इंडोनेशियाला १८-० असं हरवलं. सॅम करनं पाच गोल केले आणि देशासाठी सर्वाधिक गोलांचा टिम केहिलचा विक्रम मागे टाकला. करोनाच्या सावटात गॅलऱ्या जवळपास ओस होत्या. इतकी मोठी घटना इतक्या शांततेत घडली. दोनच दिवसांनी नेरुळला भारताच्या मुलींना संघातल्या संसर्गामुळे स्पर्धा सोडावी लागली, त्या दुःखात अंधेरीचा विक्रम झाकला गेला. महिला फुटबॉलवरचं प्रकरण त्यामुळे मी अधिक तपशिलानं लिहिलं आहे. आज उपनगरांत फुटबॉल खेळणाऱ्या मुलींना हे माहीत असावं, की जगातली एक मोठी खेळाडू त्यांच्या घराजवळ येऊन हे करून गेली.

मुंबई सिटीची चढती कमान आता सर्वांना माहीत आहे. पण इतिहासात मैदानाच्या वाट्याला एक विचित्र दैव आलं. २०२०-२१ मध्ये संघानं लीग आणि चषक दोन्ही जिंकले ते गोव्यात, बंद गॅलऱ्यांसमोर. २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये मॅच जिंकणारा पहिला भारतीय क्लब हा मान मिळाला तो रियाधमध्ये, आणि इराकच्या संघाविरुद्धचा विजयी गोल मारला मुंबईच्याच राहुल भेकेनं. २०२३ मध्ये तीच स्पर्धा खेळताना घरच्या मॅचेस पुण्याच्या बालेवाडीला आणि अल हिलालविरुद्धची नेरुळला न्यावी लागली, कारण आशियाई स्पर्धेच्या निकषांत अंधेरीचं मैदान बसत नव्हतं. मोठे विजय दूर झाले. घरी राहिली ती रोजची, साधी, आठवड्याची मॅच. पश्चिमेच्या गॅलरीत ‘वेस्ट ब्लॉक ब्लूज’ या चाहत्यांच्या गटाचा ढोल, मध्यंतरात समोसा, सुटल्यावर मेट्रोकडे जाणारी रांग. मला हे कमी वाटत नाही. हायडेनहाइमच्या टेकडीवरही पहिली कित्येक दशकं हेच चालू होतं.

एक वाद मी या पुस्तकात मोकळेपणानं घातला आहे. हे मैदान पाडून मोठं बांधावं, निदान पंधरा-वीस हजारांचं, असं अनेकांचं मत आहे. छप्पर हवं, दिवे हवेत, बसायच्या जागा नीट हव्यात, यात दुमत नाही. पण त्याहून आधी मला आणखी एक गोष्ट हवी आहे. वर्षातून काही दिवस तरी शाळांच्या स्पर्धांच्या अंतिम फेऱ्या याच हिरवळीवर व्हाव्यात. ज्या पोरानं चौदाव्या वर्षी या गवतावर पाय ठेवला असेल, तो मोठेपणी या मैदानाला वाऱ्यावर सोडणार नाही. पालिकेच्या मालकीचं मैदान म्हणजे आपल्या करांतून झालेलं मैदान. जर्मनीतल्या गावकऱ्यांनी आपल्या मैदानावर जो हक्क धरला तो आपल्यालाही धरता येतो, त्यासाठी वेगळा कायदा लागत नाही.

पुस्तकातल्या चुका माझ्या आहेत. आठवणी मात्र लोकांच्या आहेत आणि त्या अपुऱ्या आहेत. सर्वांत कमी साहित्य मिळालं ते १९८८ ते १९९५ या काळाचं. तलावात पहिल्या वर्षी पोहायला शिकलेली मुलं आज पन्नाशीच्या आसपास असतील. त्या दिवसांचे फोटो कुठल्या तरी अल्बमच्या चिकट कागदाखाली पिवळे पडत असतील. वाचकांना माझी विनंती आहे. घरात त्या काळातला फोटो, प्रवेशपत्र, पोहण्याच्या स्पर्धेचं प्रमाणपत्र, १९९६ चं तिकीट किंवा ४ जून २०१८ ला भिजून चिकटलेलं तिकीट असेल, तर ते फेकू नका. पेन्सिलीनं त्याच्या मागे तारीख घाला, सोबत कोण होतं ते लिहा आणि कुठल्या गॅलरीत बसला होता तेही लिहा.